वाऱ्याविरुद्ध चालणारा खड्डा

वाऱ्यातले चढउतार वाऱ्याबरोबरच पुढे जातात. झोत असो, झुळूक असो, की मध्येच पडलेली शांतता असो, सगळं वारा वाहतो त्याच दिशेला सरकतं. यात मत असण्यासारखं काही नाही. म्हणून सोमवारी दुपारी खाडीच्या नकाशावर बिनवाऱ्याचा एक डाग पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या थेट तोंडावर चालत निघालेला दिसला, तेव्हा मी आधी संगणकाचा पडदा पुसला.

"पडदा पुसून वारा सुधारत नसतो, मृदुला," सबनीस सर मागून म्हणाले.

सबनीस सर आमच्या नौकाविहार केंद्राचे प्रमुख. मूळचे पुण्याचे, आणि समुद्र लागतो म्हणून बोटीत कधीच न बसणारे. मी मृदुला कुबल, याच गावची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि पहिली नोकरी घरापासून सायकलच्या अंतरावर मिळाली. माझं काम खाडीतला वारा सांभाळायचं. गावात हे सांगितलं की लोक हसतात.

"बघा ना, सर. हा खड्डा वर चाललाय."

"वर म्हणजे?"

"वाऱ्याच्या उलटा."

ते खुर्ची ओढून बसले. आम्ही दोघांनी तो डाग खाडीच्या मुखापर्यंत गेलेला पाहिला. तिथे तो थोडा वेळ रेंगाळला आणि मग मुकाट्याने वाऱ्याबरोबर परत आला. परत येताना तो अगदी साधा, शहाणा डाग वाटत होता.

"ढग असेल," सर म्हणाले.

"ढग तरी वाऱ्याविरुद्ध जातो का?"

"मग तू सांग. एम.एस्सी. तू आहेस."

मी डागाची वेळ वहीत लिहून ठेवली.

डिझेलच्या पर्यटक बोटींना खाडीत बंदी आली आणि त्यांच्या जागी पंखबोटी आल्या. दोघांना बसता येईल एवढी होडी, आणि तिच्यावर शिडाऐवजी उभा केलेला, विमानाच्या पंखासारखा कडक पंख. कापडाचं शीड ओढून, सैल सोडून सतत सांभाळावं लागतं. पंखाचं तसं नाही. तो डोलकाठीभोवती मोकळा फिरतो आणि त्याच्या मागच्या बाजूला एक छोटी शेपटी असते. शेपटी जरा वळवली की पंख वाऱ्याशी हवा तो कोन धरून उभा राहतो आणि बोटीला पुढे ओढतो. शेपटी सरळ केली की कोंबड्याच्या आकाराच्या वातकुक्कुटासारखा नुसता वाऱ्याकडे तोंड करून राहतो. फडफड नाही, दोऱ्या नाहीत, आवाजच नाही.

एवढं फार पूर्वीपासून माहीत होतं. नवीन होती ती पंखाची कातडी. तिच्यात हवेचा दाब मोजणारे हजारो ठिपके विणलेले असतात. प्रत्येक बोट आपल्यापाशी वारा कसा आहे ते बाकीच्यांना कळवते, खाडीतले तरंगते बोयेही कळवतात, आणि त्यातून सगळ्या खाडीच्या वाऱ्याचा नकाशा सतत तयार होत राहतो. त्यामुळे झोत बोटीपर्यंत पोचण्याआधीच पंख त्याच्यासाठी वळलेला असतो. पहिल्यांदा हे पाहताना अंगावर काटा येतो: पाणी शांत, झाडाचं पान हलत नाही, आणि सगळे पंख एकदम मान वळवतात. मग वारा येतो.

पर्यटकाने फक्त सुकाणू धरायचं आणि समोरच्या दिव्याकडे बघायचं. दिवा डावीकडे लागला की डावीकडे, उजवीकडे लागला की उजवीकडे. नकाशात बिनवाऱ्याची जागा दिसली की दिवा बोटीला तिला वळसा घालून नेतो, कारण तिथे शिरली तर बोट नुसती तरंगत बसेल. बोटींवर आधी लावलेले कॅमेरे पहिल्याच पावसाळ्यात खाऱ्या हवेने आंधळे झाले. त्यांची गरज उरली नाही, कारण केंद्राने गावातल्या प्रत्येक होडीला साबणाच्या वडीएवढा बीकन दिला होता. कोणती होडी कुठे आहे ते बीकन सांगतो आणि पंखबोटी तिला नियमाप्रमाणे वाट देतात.

मंगळवारी डाग पुन्हा आला. बुधवारीही आला. मी बोये तपासून घेतले, ते ठीक होते. पाण्याचं तापमान पाहिलं, भरती-ओहोटी पाहिली, पलीकडच्या डोंगराची सावली किती वाजता कुठे पडते ते काढलं. कशाशीच काही जुळेना. माझ्या डोक्यात भलतेच विचार येऊ लागले. कातडी एवढी शिकली की आता तिला नसलेलं दिसायला लागलं? नकाशा स्वप्नं बघतो का? आणि हे मी गंभीरपणे मनात म्हणते आहे, याचंही मला आश्चर्य वाटत होतं.

"शनिवारी दुरुस्ती चढवू," सर म्हणाले. "वाऱ्याविरुद्ध जाणारा खड्डा दिसला की तो खोटा मानायचा आणि गाळायचा. बोटी सरळ त्यातून जातील."

"आणि खरंच तिथे काही असलं तर?"

"वारा नसलेली जागा म्हणजे काही नसणंच की. काही नसण्यावर कोण आपटणार?"

वाक्य बिनचूक होतं. मला तरी ते पटलं.

घरी गेले तर बाबा पडवीत खांबाला टेकून बसले होते. माझे बाबा, विश्राम कुबल, खाडीतले शिडाच्या होडीचे शेवटचे मालक. आधी मासेमारी, मग पर्यटकांना फिरवणं, आणि गेल्या वर्षी जेटीवर चक्कर येऊन पडल्यापासून काहीच नाही. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानातला तोल सांभाळणारा भाग बिघडलाय, होडीत एकट्याने जायचं नाही. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. होडी मागच्या मांगराशेजारी, म्हणजे गवत-लाकडं ठेवायच्या खोपीशेजारी, उलटी घालून ठेवली होती. तसं मला सांगितलं होतं.

"बरां हा?" मी विचारलं.

"बसलंय तंवसर बरां. उठलंय काय घर फिराक लागता."

"दुपारी काय केलात?"

"निजललंय."

आई आतून म्हणाली, "निजलले. घोरत होते." इतक्या लगेच म्हणाली की तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

गुरुवारी मी डागाचा रस्ता एका रेषेत काढून पाहिला. तोवर मी तो फक्त "पश्चिमेकडे सरकतो" असं म्हणत होते. पण रेषा सरळ नव्हती. डाग आधी वायव्येला जात होता, मग एकदम वळून नैर्ऋत्येला, पुन्हा वायव्येला. प्रत्येक वळणावर जवळजवळ काटकोन होता.

हवेत अशी वळणं नसतात. पण शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. तिला एकदा या बाजूने तिरकं आणि एकदा त्या बाजूने तिरकं, असं चढावं लागतं. आणि शीड वारा अडवतं, म्हणून त्याच्या मागे बिनवाऱ्याची लांब सावली पडते. पंख वाऱ्याला हलकेच कापतो, त्याची सावली जेमतेम पडते. जुन्या, पोट सुटलेल्या, ठिगळ लावलेल्या कापडाची मात्र भरपूर पडते. तो खड्डा म्हणजे अशा एका शिडाची सावली होती, आणि तिच्या वाऱ्याकडच्या टोकाला एक होडी होती.

खाडीत शिडाची होडी एकच होती.

मी बाबांचा बीकन पडद्यावर शोधला. तो आमच्या घरात दाखवत होता. भर दुपार, डाग खाडीच्या मध्यावर, आणि बीकन घरात. दोन्ही मापं खरी असणं शक्य नव्हतं. मी खिडकीतून बघायला गेले, पण केंद्राची खोली सुरूच्या बनामागे आहे. आमच्या खिडकीतून फक्त पर्यटकांच्या गाड्या दिसतात. खाडीचा वारा सांभाळणारी माणसं खाडी बघत नाहीत, हे माझ्या लक्षात त्या दिवशी आलं.

सायकल काढून घरी आले. पडवी रिकामी. मांगराशेजारी होडीच्या आकाराचं दबलेलं गवत.

"आये, बाबा खंय?"

आई कोळंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही. "निजलेत."

"खंय निजलेत?"

"तां माका काय विचारतंस?"

"आये, बीकन खंय आसा? तो डबो?"

यावर मात्र ती अभिमानाने उठली. आतल्या लाकडी पेटीतून तिने लग्नातल्या शालूच्या घडीखालून एक पुडकं काढलं. प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कापड, कापडात बीकन. वर हळदकुंकवाची बोटं होती, वाटप झालं त्या दिवसाची.

"होडयेर लावूचो तो," मी म्हणाले.

"होडयेर? खाऱ्या पाण्यात? आठ दिवसांत कुसतलो. तुज्या केंद्राची वस्तू ती. खराब झाली तर तुकाच बोलतले." मग तिने मला समजावलं, "सगळ्यांनी घरातच ठेवलेत. पाटकरांच्यात तर देवांकडे आसा."

मला हसावं की रडावं कळेना. गावच्या होड्या पहाटे मासळीला जातात आणि आमचं केंद्र उघडायच्या आत परत येतात. म्हणून दिवसभर सगळे बीकन घरात दिसत आणि मला ते अगदी योग्य वाटत असे. इतके महिने मी गावातल्या लोकांची कपाटं आणि देव्हारे पडद्यावर बघत होते.

मी घरामागच्या काठावर जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने तांबूस शीड दिसलं. बाबा होडीत उभे होते. एक पाय फळीवर, हातात सुकाणूचा दांडा, पाठ ताठ. शीड उतरवून त्यांनी होडी चिखलावर सरकवली, पाय जमिनीवर ठेवला, आणि लगेच कुंपणाचा खांब गच्च पकडला.

मला बघून ते दचकले नाहीत. "इलंस?" म्हणाले, जणू मीच बाहेर गेले होते.

"बाबा, तुमी शब्द दिल्लात."

"दिल्लंय. तेवा माज्या भोवती घर फिरत होता. तसलो शब्द कोण धरता काय?"

"मस्करी नुको. चक्कर इली आणि पाण्यात पडलात तर?"

"पाण्यात माका चक्कर येयतच नाय. जमिनीर येता." ते खांब न सोडता म्हणाले. "होडयेत बसलंय काय सगळां जाग्यार येता. डॉक्टराक सांगलंय तर हसलो. तो कदी होडयेत बसलो?"

असं होऊ शकतं. मेंदूला वर्षानुवर्षं हलत्या फळीची सवय झाली की स्थिर जमीन त्याला चुकीची वाटते. अशा माणसांची वर्णनं मी नंतर शोधून वाचली, थोडी आहेत पण आहेत. बाबांना तेच झालंय की हा त्यांचा हट्ट आहे, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. एका मिनिटात मी त्यांना होडीत ताठ उभं आणि जमिनीवर डगमगताना पाहिलं होतं. पण एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नाही असं मी शिकले आहे. आणि माझा निष्कर्ष निघेपर्यंत शनिवार काही थांबणार नव्हता.

"त्या पंखबोटी दिसत नाय तुमका? धडक झाली तर?"

तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले. खूप दिवसांनी असं हसले.

"त्यो? त्यो माका वाट देतत, गो. मी येताना दिसलंय काय लांबसून वळतत. एकूण एक. आजपावत एकपण आडवी इली नाय. मी पण त्यांका हात करतंय." मग जरा हळू आवाजात, "कोणीतरी त्यांका सांगललां आसताला. विश्राम कुबलाची होडी म्हणान. मशीन झाला तरी त्याका मान कोणाक देवचो तां कळता."

त्या बोटी त्यांना बघत नव्हत्या. त्या बिनवाऱ्याच्या जागेला वळसा घालत होत्या. आणि शनिवारपासून तोही घालणार नव्हत्या.

गप्प बसले तर बोटी त्यांच्यावरून जातील. सांगितलं तर त्यांची होडी बंद होईल. घरी थांबा म्हटलं तर ते हो म्हणतील, आणि आई म्हणेल, घोरतायत.

शुक्रवारी सकाळी मी सबनीस सरांना म्हणाले, "सर, तो खड्डा म्हणजे माझे बाबा आहेत."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "काय?"

मी सगळं सांगितलं. शिडाची सावली, काटकोनातली वळणं, शालूखालचा बीकन. शेवटी सर म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आपण एका माणसाला हवामान समजत होतो."

"हो."

"आणि पर्यटक? त्यांना दिसला नाही एवढा माणूस?"

"ते दिव्याकडे बघतात, सर. आपणच सांगतो तसं."

सर उठून खिडकीशी गेले आणि गाड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बंदी. पण ते म्हणाले, "दुरुस्ती थांबवता येणार नाही. त्या खड्ड्याला वळसा घालताना काल दोन बोटी एकमेकींना घासल्या. पण तुझ्या बाबांना हाकलायचा अधिकार मला नाही, खाडी काय माझी आहे? बीकन होडीवर लाव. एकटे नकोत, कुणीतरी बरोबर पाहिजे. एवढं केलंस तर ते बोट आहेत. बोट म्हटलं की नियम आले, बाकी काही नाही."

"बरोबर मी जाईन."

"पोहता येतं ना?"

"सर, मी कुबल आहे."

"हां हां. मला नाही येत, म्हणून विचारलं."

शनिवारी दुपारी मी बीकन होडीच्या आडव्या फळीवर बांधला. आई काठावर उभी राहून बघत होती आणि आम्ही निघेपर्यंत "भिजतलो, भिजतलो" म्हणत होती. आम्हा दोघांबद्दल ती काही म्हणाली नाही.

बाबांना मी एवढंच सांगितलं होतं की बीकन लावणं सक्तीचं आहे आणि मला सुट्टी आहे. ते खूश होते. मी कॉलेजला गेल्यापासून आम्ही एकत्र होडीत बसलो नव्हतो. वारा पश्चिमेचा, चांगला भरलेला. होडी वायव्येला तोंड करून पळू लागली आणि ते मला सांगू लागले, खडक कुठे आहे, गाळ कुठे साचलाय. त्यांच्या आवाजात चक्कर कुठेच नव्हती. मी त्यांच्या पायांकडे बघत होते, पाय हलतात का ते मोजल्यासारखी. हलत नव्हते.

उजवीकडून एक पंखबोट आली. पांढरा पंख, खाली तरुण जोडपं, दोघांच्याही माना दिव्याकडे. तिचा वारा तिच्या उजव्या अंगाने होता, आमचा आमच्या डाव्या अंगाने. समुद्रावरचा साधा नियम: ज्याला वारा उजवीकडून, त्याचा हक्क. वाट आम्ही द्यायची होती.

"वळतली आता," बाबा म्हणाले.

बोट वळली नाही.

"वळतली. थांब. नेहमी हयसर वळतत."

"बाबा, आपण वळूया."

"अगो, माका वळूची गरज पडणा नाय. बग तू."

पंख सरळ आमच्याकडे येत होता, मुळीच आवाज न करता. कापडाचं शीड असतं तर एव्हाना त्याची फडफड ऐकू आली असती. बाबांच्या कपाळावर आठी पडली. ते रागावले नव्हते. ओळखीचा माणूस रस्त्यात समोर येऊन न बघता पुढे गेला की होतं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"काय झाला हिका?"

"बाबा, ती आता नाय वळाची. आता तिका तुमी दिसतास."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सुकाणू ढकललं. होडी डावीकडे फिरली, शीड डोक्यावरून फाडफाड करत पलीकडे गेलं, आणि पांढरा पंख आमच्या मागून हातभर अंतरावरून निघून गेला. जोडप्याने आमच्याकडे बघितलंही नाही.

बाबांनी शीड सावरलं. दोरी ओढून बांधली. पाणी होडीच्या कडेला चापट्या मारत होतं.

"आता मी दिसतंय," ते म्हणाले. "मगे आदी काय दिसत नाय होतंय?"

"नाय."

"मगे आदी त्यो वळायच्यो कित्याक?"

याचं अचूक उत्तर मला येत होतं. आधी तुम्ही नकाशात काही नसलेली जागा होतात. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून वेगळंच आलं.

"आदी त्येंका तुमी वारो वाटायचात."

हे चूक आहे. वारा आणि वाऱ्याचा अभाव यांत जेवढा फरक असू शकतो तेवढा या वाक्यात आणि सत्यात आहे. परीक्षेत मी याला शून्य दिलं असतं.

"वारो," बाबा म्हणाले. "मगे तांच बरां होता."

ते वाईट वाटून म्हणाले की चेष्टेने, मला कळलं नाही. समोरून दुसरी पंखबोट येत होती. बाबांनी शिडाकडे पाहिलं, तिच्या पंखाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खाडीतली एक गोष्ट मला विचारली.

"आता वाट कोणी देवची?"

मी वारा गालावर घेऊन पाहिला. तो आता आमच्या उजव्या अंगाने येत होता, तिच्या डाव्या.

"तिनां," मी म्हणाले.

बाबांनी सुकाणू जिथल्या तिथे धरून ठेवलं. अंतर कमी होत गेलं. मला नियम पाठ होता, बीकन चालू होता, आणि तरी माझे दोन्ही हात फळीला घट्ट चिकटले होते. मग पंखाची शेपटी जराशी हलली आणि बोट बाजूला झाली.

बाबांनी तिला हात केला नाही. ते पुढे बघत राहिले.